छोट्या विमानतळाची धावपट्टी खराब होत चालली आहे, तपासणी कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या विमानतळाचा विषय निघाला की विमानसेवा कधी सुरू होणार, तिकीट किती, मुंबईला सकाळची वेळ मिळणार का, एवढीच चर्चा होते. ज्या डांबरावर विमान उतरायचं त्याची अवस्था काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारतात तेव्हा बहुधा खडी उखडलेली असते. विमानतळावर काम करणारे कनिष्ठ अभियंते, प्रशिक्षण संस्थांचे वैमानिक, नगरसेवक आणि पत्रकार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्याकडे विमानं फारशी उतरतच नाहीत. मग धावपट्टी खराब कशी होते?

छोट्या धावपट्टीचं नुकसान वजनामुळे कमी आणि ऊन-पाण्यामुळे जास्त होतं. डांबर हवेतला ऑक्सिजन घेऊन वर्षागणिक कडक होत जातं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवेचं तापमान ४५ अंशांवर गेलं की काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो. अशा उन्हाळ्यांमागून उन्हाळे गेले की डांबराची लवचीकता संपते, ते आकसतं आणि चौकटी-चौकटींचे तडे पडतात. वर्दळीच्या रस्त्यावर चाकं डांबराला सतत दाबत असतात, त्यामुळे बारीक भेगा काही प्रमाणात मिटतात. ओस पडलेल्या धावपट्टीला तेही मिळत नाही. मग जून उजाडतो, तड्यांतून पाणी आत शिरतं, खालचा खडी-मुरूम भिजतो आणि पुढच्या हंगामात एखादं बेताच्या वजनाचं विमानही तिथे खोलगट चाकोरी पाडून जातं. दोष मात्र त्या विमानाला दिला जातो.

म्हणून “वापर नाही, तर खर्च कशाला?” हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. वापर नसलेल्या पट्टीची पाहणी अधिक नेमाने व्हायला हवी, कारण तिच्यावर रोज कोणाची नजर पडत नाही.

तपासणीची सुरुवात कुठून करायची? यंत्रं कधी मागवायची?

सुरुवात कपाटातून करायची. पट्टी कधी बांधली, खाली कोणते थर आहेत, लांबी कधी वाढवली, शेवटचं कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा नवा थर, कोणत्या वर्षी झालं, हे जुन्या फायलींतून, मोजमाप पुस्तकांतून आणि नकाशांतून काढायचं. आपल्याकडच्या अनेक पट्ट्या तुकड्या-तुकड्यांनी वाढलेल्या आहेत. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मधला, गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, कराडची कोयना प्रकल्पाच्या वेळची. अशा ठिकाणी आजच्या काळ्या पृष्ठभागाखाली दोन-तीन पिढ्यांचं काम असू शकतं. जुन्या आणि वाढवलेल्या भागाचा सांधा कुठे आहे हे माहीत नसेल, तर तिथे पडलेल्या आडव्या तड्याचं कारण शोधण्यात नाहक वेळ जातो.

त्यानंतर पायी पाहणी. गाडीतून फेरी मारणं म्हणजे पाहणी नव्हे. सकाळी ऊन तिरपं असताना चालावं, सावलीमुळे चाकोऱ्या आणि उंचवटे उठून दिसतात. हलकी सर पडून पृष्ठभाग सुकू लागला असेल तर फारच उत्तम: बाकी पट्टी फिकी पडते, पण तड्यांत ओल राहिल्यामुळे त्यांच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसतात. बरोबर मोजपट्टी, खडू, तीन मीटरची सरळ पट्टी आणि कॅमेरा पुरे. टाचेने खडी घासून पाहायची. सहज सुटून आली तर वरच्या थराचं आयुष्य संपत आलं आहे. यंत्रं मागवायची ती यानंतर, आणि नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं ते ठरवून.

तडा तो तडाच ना? प्रकार मोजून काय मिळतं?

तड्याचा आकार आणि जागा कारण सांगते, आणि कारणाशिवाय केलेली दुरुस्ती एक-दोन पावसाळ्यांत वाया जाते.

जाळीदार, मगरीच्या पाठीसारखे तडे फक्त चाकं जातात त्या पट्ट्यात, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना काही मीटरपर्यंतच असतील, तर ते वजनाचं काम आहे: एक तर थर कमी जाडीचे आहेत किंवा पाया भिजला आहे. चौकटीचे तडे कडेपासून कडेपर्यंत सगळीकडे सारखे असतील तर डांबर म्हातारं झालं आहे, मजबुतीचा प्रश्न असेलच असं नाही. लांबच लांब, सरळ, ठरावीक अंतरावरचा तडा बहुधा पेव्हरने (डांबर पसरवणाऱ्या यंत्राने) टाकलेल्या दोन पट्ट्यांमधला सांधा उघडल्याचा. अर्धचंद्राकृती तडे दिसले तर वरचा थर खालच्यावर घसरतो आहे, टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा, नीट पडलेला नाही. आणि कडेपासून एक-दोन मीटर आत, कडेला समांतर जाणारा तडा काळ्या मातीत हमखास भेटतो.

माझा नियम सोपा आहे. चाकांची वाट आणि कड यांची तुलना करा. कडेला विमानाचं चाक जवळपास कधीच जात नाही. तरीही कड तितकीच खराब असेल, तर गुन्हेगार ऊन, पाणी किंवा माती आहे.

पीसीआय म्हणजे नेमकं काय?

पीसीआय हा पृष्ठभागाच्या स्थितीचा निर्देशांक, ० ते १०० गुणांचा. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने तो विकसित केला आणि विमानतळांसाठी आज तो एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ५३४० या मानकानुसार काढतात. ८६ पासून वर उत्तम, ७१ ते ८५ समाधानकारक, ५६ ते ७० बरी, ४१ ते ५५ खराब, त्याखाली अति खराब आणि गंभीर, आणि १० च्या आत निकामी.

पद्धत उदाहरणाने समजेल. समजा पट्टी १,५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, म्हणजे ४५,००० चौरस मीटर. डांबरी पृष्ठभागासाठी नमुना तुकडा साधारण ४५० चौरस मीटरचा घेतात, म्हणजे १५ मीटर लांबीचे १०० तुकडे झाले. सगळे तपासायची गरज नाही. नेहमीची गृहीतकं धरून सूत्र लावलं तर १४ तुकडे पुरतात, म्हणजे पहिला चिठ्ठीने निवडायचा आणि पुढे दर सातवा घ्यायचा. प्रत्येक तुकड्यात दोषाचा प्रकार, तीव्रता (कमी, मध्यम, जास्त) आणि प्रमाण नोंदवायचं. चाकोरीची खोली सरळ पट्टी आडवी ठेवून मोजतात: १३ मिलिमीटरच्या आत कमी, २५ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. प्रत्येक दोषाला ठरलेल्या आलेखांवरून वजावट मिळते, अनेक दोष एकत्र असतील तर वजावटीत दुरुस्ती करतात आणि ती १०० मधून वजा करतात.

एक खबरदारी घ्या. पूर्ण पट्टीची एकच सरासरी कोणी हातात दिली तर ती स्वीकारू नका. जुना भाग, वाढवलेला भाग, वळायची जागा, टॅक्सीवे (धावपट्टीला जोडणारा मार्ग), एप्रन (विमानं उभी करायची जागा) यांचे आकडे वेगवेगळे मागा. एका टोकाला ८५ आणि दुसऱ्या टोकाला ३५ असेल, तर ६० या सरासरीला काहीच अर्थ उरत नाही. विमान उतरताना ते ३५ वालं टोकही लागतंच.

पीसीआय चांगला आला, म्हणजे पट्टी भक्कम आहे असं समजायचं का?

नाही. पीसीआय फक्त डोळ्यांना दिसतं ते मोजतो. गेल्या वर्षी कमकुवत पायावर कार्पेट टाकलं असेल तर पीसीआय ९५ येईल आणि पट्टी तरीही वजन पेलणार नाही. उलट तडकलेल्या जुनाट पृष्ठभागाखाली दणकट पाया असू शकतो. ताकद स्वतंत्रपणे मोजावी लागते.

ताकद मोजतात कशी?

सर्वांत उपयोगी यंत्र म्हणजे एफडब्ल्यूडी, आणि त्याचं जड रूप एचडब्ल्यूडी. गाडीमागे ओढत आणलेल्या या यंत्रात ठरावीक उंचीवरून वजन एका गोल तबकडीवर पडतं आणि ओळीने लावलेले संवेदक पृष्ठभाग किती दबला ते नोंदवतात. तबकडीजवळचे आकडे वरच्या थरांबद्दल सांगतात, लांबचे संवेदक खालच्या जमिनीबद्दल. त्यावरून प्रत्येक थराचा ताठरपणा उलट गणिताने काढतात. मात्र थरांची जाडी चुकली तर हे गणित बिनचूक दिसणारी चुकीची उत्तरं देतं, म्हणून कोअर, म्हणजे पृष्ठभागातून कापलेला गोल नमुना, काढणं आवश्यक आहे.

छोट्या विमानतळाला एचडब्ल्यूडीच हवं, असा आग्रह बऱ्याचदा धरला जातो. एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानाचं कमाल वजन सुमारे २३ टन. त्यातलं बहुतेक चार मुख्य चाकांवर येतं, म्हणजे चाकामागे साधारण साडेपाच टन. एवढ्यासाठी रस्त्यांवर वापरलं जाणारं, थोडा जास्त भार देऊ शकणारं एफडब्ल्यूडीही उपयोगी पडतं. एअरबस ए ३२० आणायचं नियोजन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एचडब्ल्यूडीच घ्या.

चाचणी पावसाळा संपता-संपता करावी. एप्रिल-मेमध्ये काळी माती दगडासारखी कडक असते आणि आकडे फसवे चांगले येतात.

कोअर हातात घेतला की बऱ्याच गोष्टी उघड होतात. तो अखंड निघाला का, की थरांच्या सांध्यावर सुटला? तडा वरून खाली गेला आहे की खालून वर येतो आहे? तळाकडची खडी काळी, डांबराने माखलेली आहे, की पाण्याने धुऊन करडी पडली आहे? तळाचा भाग बोटांनी चुरला जात असेल, तर वर कितीही इंचांचं कार्पेट टाकलं तरी निभावणार नाही. कोअरच्या भोकातूनच डीसीपी, म्हणजे सळई ठोकून जमिनीची ताकद पाहायचं साधं साधन, चालवता येतो: ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून पडतो, दर ठोक्याला सळई किती आत गेली ते लिहायचं आणि त्यावरून सीबीआरचा, म्हणजे जमिनीची भार पेलण्याची क्षमता सांगणाऱ्या टक्केवारीचा, अंदाज घ्यायचा. दोन माणसांचं, कमी खर्चाचं आणि फार बोलकं काम आहे हे. आणि ते झालं की भोकं लगेच, नीट कुटून भरून घ्या.

पूर्वी पीसीएन होता, आता पीसीआर म्हणतात. आकडा एकदम मोठा कसा झाला?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, एसीएन-पीसीएन पद्धतीच्या जागी एसीआर-पीसीआर आणली आणि २८ नोव्हेंबर २०२४ पासून ती लागू आहे. एसीएन किंवा एसीआर म्हणजे विमान पट्टीवर किती भार टाकतं त्याचा आकडा, पीसीएन किंवा पीसीआर म्हणजे पट्टी किती भार पेलते त्याचा. नव्या पद्धतीत भार टनाऐवजी शंभर किलोंच्या पटीत मांडतात, त्यामुळे आकडा जुन्याच्या साधारण दसपट दिसतो. पट्टी दहापट मजबूत झाली, असा त्याचा अर्थ नाही. जुन्या पीसीएनला दहाने गुणून पीसीआर जाहीर करणं हेही चूकच. जमिनीचं वर्गीकरण बदललं आहे, आकडेमोड नव्याने करावी लागते.

समजा संकेत “१८०/एफ/सी/वाय/टी” असा आहे. १८० हा पीसीआर. एफ म्हणजे लवचीक, डांबरी बांधणी, काँक्रीटला आर. सी म्हणजे खालची जमीन कमकुवत गटातली. ए सर्वांत चांगली, डी सर्वांत वाईट. वाय म्हणजे टायरचा दाब १.२५ मेगापास्कलपर्यंत. शेवटचं टी म्हणजे तांत्रिक मूल्यमापन करून काढलेला आकडा, आणि यू असेल तर “आजवर अशी विमानं उतरली, काही झालं नाही” या अनुभवावरून ठरवलेला. आपल्या विमानतळाच्या संकेतात शेवटी काय आहे ते आवर्जून पाहा. ५,७०० किलोपर्यंतच्याच विमानांसाठी असलेल्या पट्टीला मात्र हा संकेत लागत नाही, तिथे कमाल वजन आणि टायरचा दाब एवढंच जाहीर करतात.

एखाद्या कार्यक्रमापुरतं जड विमान उतरवलं तर चालतं का?

मार्गदर्शक तत्त्वांनुसार विमानाचा एसीआर पट्टीच्या पीसीआरपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त असला तर अधूनमधून चालतं, आणि अशा फेऱ्या वर्षातल्या एकूण फेऱ्यांच्या साधारण ५ टक्क्यांत राहायला हव्यात. पण त्याच तत्त्वांत पुढे आहे ते सोयीस्करपणे विसरलं जातं: पृष्ठभागावर खराबीची चिन्हं दिसत असतील किंवा खालची जमीन पाण्याने मऊ झाली असेल, तर ही सवलत नाही. ऑगस्टमध्ये, तडकलेल्या पट्टीवर, “एकदाच तर उतरायचंय” हे कारण पुढे करून परवानगी मागितली गेली, तर नाही म्हणणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी सगळ्यांनी उभं राहायला हवं.

काळ्या मातीचं एवढं काय?

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. धावपट्टीच्या मध्याखालची माती वर्षभर जवळपास सारख्या ओलीची राहते. कडेची माती मात्र दर वर्षी भिजते आणि सुकते. त्यामुळे कड वर-खाली होते, मध्य जागेवर राहतो आणि त्या सीमेवर लांब तडा जातो. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर २-३ टक्के इतका खाली येऊ शकतो.

इथे इलाज डांबरात नाही. बाजूपट्टीला उतार द्या, गटारं मोकळी करा, पाणी कडेपासून लांब न्या. बहुतेक जुन्या पट्ट्यांवर गवत आणि धूळ साचून बाजूची माती डांबरापेक्षा उंच झालेली दिसते. पाणी बाहेर जायचं सोडून कडेलाच बांध घातल्यासारखं थांबतं. एक ग्रेडर (माती सपाट करणारं यंत्र) आणि काही दिवसांचं काम, पण अंदाजपत्रकात ते शेवटी येतं आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी तेच कापलं जातं. कार्पेट थोडं कमी करा, पण हे कापू नका. कोकणात जांभ्याच्या सड्यावर फुगण्याचा त्रास नसतो, पण पाऊस इतका की निचऱ्याचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

पावसात पट्टी घसरडी आहे की नाही, हे कसं कळतं?

तीन गोष्टी पाहतात. पहिली आडवा उतार. एटीआरसारख्या विमानाच्या पट्टीला मध्यापासून कडेकडे १.५ टक्क्यांपर्यंत उतार देतात, म्हणजे ३० मीटर रुंदीत मध्यरेषा कडेपेक्षा सुमारे साडेबावीस सेंटिमीटर उंच. जुन्या पट्टीवर थरावर थर टाकताना हा उतार बिघडलेला असतो, म्हणून लेव्हल, म्हणजे उंचीची मोजमापं, घ्यायलाच हव्यात. पाणी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त साचलं तर चाकं पाण्यावर तरंगण्याचा धोका येतो.

दुसरी पृष्ठभागाची खरखर. २५ मिलिलिटर बारीक वाळू पट्टीवर ओतून गोल फिरवत पसरवायची, खाचा भरेपर्यंत. वर्तुळाचा व्यास १८ सेंटिमीटरच्या आसपास आला तर सरासरी खोली १ मिलिमीटर. नव्या पृष्ठभागासाठी किमान तेवढी अपेक्षित असते. व्यास २५ सेंटिमीटर झाला तर खोली निम्म्यावर आली.

तिसरी घर्षणाची यंत्राने मोजणी, पाणी फवारत ठरावीक वेगाने. जमलेलं टायरचं रबर, वर आलेलं डांबर आणि जाड रंगाचे पट्टे इथे पकडले जातात.

सुटलेल्या चार खड्यांनी काय होतं?

प्रशिक्षण विमानाचा पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून फार उंच नसतो. इंजिनाचा वेग वाढवला की सुटी खडी उचलली जाते आणि पंख्याच्या कडेला खाच पडते. खाच वेळीच घासून काढली नाही तर तिथूनच तडा सुरू होतो. जेट इंजिन तर खडी थेट आत ओढतं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान कोसळलं, ते धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने टायर फुटल्यामुळे. ती धातूची पट्टी दुसऱ्या विमानातून पडली होती, पण धावपट्टीवर पडून राहिलेली छोटी वस्तू काय करू शकते हे त्यातून कळतं. आयकाओच्या अपेक्षेप्रमाणे लहान पट्टीची दिवसातून किमान एकदा आणि १,२०० मीटर किंवा त्याहून लांब वर्गातल्या पट्टीची किमान दोनदा पाहणी व्हायला हवी. खडी उखडत असेल तर एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक उड्डाणसत्राआधी झाडा.

वरून नवं कार्पेट टाकलं की प्रश्न मिटत नाही का?

खालचे तडे तसेच ठेवले तर ते नव्या थरातून वर येतात, त्याच जागी, त्याच आकारात. आधी रुंद तडे साफ करून भरायचे, जाळीदार भाग पायापर्यंत उकरून पुन्हा बांधायचा, गरज असेल तिथे वरचा थर खरवडायचा, मग नवा थर. पृष्ठभाग म्हातारा पण पाया ठणठणीत असेल तर तडे भरणं आणि वरचा थर बदलणं पुरतं. पायाच गेला असेल तर पुनर्बांधणीला पर्याय नाही. रस्त्यासारखा खडीचा सीलकोट (डांबर फवारून वर खडी पसरलेला थर) मात्र धावपट्टीवर टाळा, त्यातली सुटी खडी बराच काळ त्रास देते.

उड्डाणं चालू ठेवून काम करता येतं?

येतं, रात्री किंवा दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात. त्यासाठी नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढावा लागतो आणि दर पाळीच्या शेवटी नव्या थराच्या टोकाला तात्पुरता हलका उतार द्यावा लागतो: ५० मिलिमीटरपर्यंतच्या थराला ०.५ ते १ टक्का, म्हणजे ५ सेंटिमीटरची पायरी किमान ५ मीटर लांबीत उतरवायची. रस्त्याचं काम करणारा ठेकेदार नेमका हाच भाग गांभीर्याने घेत नाही. दिवसाला एक-दोन उड्डाणं असणाऱ्या ठिकाणी मी सरळ काही आठवडे पट्टी बंद ठेवण्याच्या बाजूचा आहे. सांधे कमी येतात आणि काम एकसंध होतं.

सल्लागाराच्या अहवालात काय असायलाच हवं?

भागवार पीसीआय आणि त्यामागची तुकडावार नोंद, नुसते गुण नकोत. कोअर आणि डीसीपी कुठे घेतले याचा नकाशा, कोअरचे फोटो. एफडब्ल्यूडीच्या चाचण्या कोणत्या महिन्यात, पृष्ठभागाच्या किती तापमानाला झाल्या. पीसीआर काढताना कोणती विमानं, वर्षाला किती फेऱ्या धरल्या; इथेच उद्याच्या स्वप्नातली विमानं घुसवून खर्च फुगतो, किंवा आजचीच धरून काम तोकडं राहतं. निचऱ्याची पाहणी स्वतंत्र प्रकरणात. आणि प्रत्येक भागाच्या खराबीचं कारण एका स्पष्ट वाक्यात. ते वाक्य नसेल तर अहवाल परत पाठवा. अनुभवी संस्था हवी असेल तर दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था धावपट्ट्यांचं मूल्यमापन करते.

ड्रोनने पाहणी केली तर चालेल का?

तडे आणि साचलेल्या पाण्याचा नकाशा करायला ड्रोन फार उपयोगी आहे. दर वर्षी त्याच उंचीवरून फोटो घेतले तर तडे किती वाढले ते शेजारी-शेजारी ठेवून दाखवता येतं. मात्र विमानतळाचा परिसर ड्रोनसाठी प्रतिबंधित असतो, त्यामुळे आधी रीतसर परवानगी आणि हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय लागतो. आणि खडी सुटते आहे का, सांधा पोकळ वाजतो का, हे फोटोत येत नाही. त्यासाठी चालावंच लागतं.